रेझिन हाताला टणक, पण ऊब लागली की वाकतं: तपासणी क्रॉसलिंक घनतेपासून सुरू करा

ही तक्रार जवळपास नेहमी एकाच क्रमाने येते. इपॉक्सीचा भाग साच्यातून निघतो तेव्हा झकास असतो. नख रुतत नाही, वाजवला तर खणखणीत आवाज येतो. तोच भाग मोटरीशेजारी, उन्हातल्या पेटीत किंवा गरम पाण्याच्या नळीवर बसवला की काही दिवसांत वाकतो, बोल्टखाली दबतो आणि बोल्ट सैल होतो. मग 'हार्डनर कमी पडला असणार' असं ठरतं आणि पुढच्या खेपेला हात जरा सढळ होतो. नवा भाग पहिल्यापेक्षाही कमी तापमानाला मऊ पडतो. वैतागून 'जास्त ताकदीचा' हार्डनर आणतात, भाग ओव्हनमध्ये भाजतात. आता तो उष्णतेत टिकतो, पण ड्रिल मारताना भोकाच्या कडेला तडकतो. तडकू नये म्हणून कोणीतरी डायल्युएंट (पातळ करणारं द्रव्य) मिसळतं, आणि गाडी पुन्हा मूळ पदावर येते.

मऊ पडणं आणि तडकणं या दोन वेगळ्या तक्रारी धरून दोन वेगळे उपाय केले जातात, म्हणून हे चक्र थांबत नाही. दोन्हींच्या मुळाशी क्रॉसलिंक घनता आहे, म्हणजे ठरावीक आकारमानात रेणूंच्या साखळ्या एकमेकींना किती ठिकाणी बांधल्या गेल्या आहेत ते. अडचण अशी, की खोलीच्या तापमानाला ही घनता हाताला कळतच नाही.

जाळं घट्ट झालं की काय बदलतं

थर्मोसेटमध्ये (इपॉक्सीसारख्या, एकदा पक्क्या झाल्यावर पुन्हा न वितळणाऱ्या प्लास्टिकमध्ये) साखळ्या रासायनिक बंधांनी जोडल्या जाऊन एकच अखंड जाळं तयार होतं. दोन गाठींमधल्या साखळीचं सरासरी रेणुभार जितकं कमी, तितकं जाळं घट्ट. हा एकच आकडा किती उलथापालथ करतो ते रबरात उघड दिसतं. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता यांनी रबर पक्कं करण्याची रीत शोधली. १०० भाग नैसर्गिक रबराला २-३ भाग गंधक दिलं तर ताणलं जाणारं, परत मूळ आकारात येणारं रबर मिळतं. गंधक ३० भागांच्या वर नेलं की त्याच रबराचं एबोनाइट होतं: काळं, टणक, पॉलिश घेणारं, आपटलं तर फुटणारं. पदार्थ तेच, गाठी वाढल्या.

गाठी वाढल्या की ग्लास ट्रान्झिशन तापमान, म्हणजे ज्याच्या वर टणक रेझिन मऊ पडतं ते तापमान, वर सरकतं. (पुढे त्याला टीजीच म्हणतो, सगळे तेच म्हणतात.) द्रावकात फुगणं कमी होतं, भाराखाली हळूहळू सरकणं कमी होतं, टीजीच्या वरचा मॉड्युलस (ताठपणाचं माप) वाढतो. त्याबरोबर तुटण्याआधी ताणलं जाण्याची क्षमता घटते आणि चीर पुढे धावायला अडथळा उरत नाही. फाटण्याची ताकद मात्र सरळ रेषेत जात नाही. रबरात ती आधी वाढते, एका टप्प्यावर शिखर गाठते आणि मग घसरते. म्हणून 'जास्त क्रॉसलिंक म्हणजे जास्त मजबूत' हे वाक्य अर्धंच खरं आहे.

टणकपणा मोजून काही सिद्ध होत नाही

सगळ्यात जास्त वेळ याच गैरसमजापायी वाया जातो. शोअर डीचं (टणकपणा मोजायचं) यंत्र टेकवून ८२ आलं म्हणजे क्युअर, म्हणजे रेझिन पक्कं होण्याची अभिक्रिया, पूर्ण, असं धरलं जातं. टीजीच्या खाली रेझिन काचेसारख्या अवस्थेत असतं आणि तिथला मॉड्युलस गाठींच्या संख्येपेक्षा रेणू किती दाटीने बसले आहेत यावर अवलंबून असतो. बहुतेक इपॉक्सींचा तो ३ गिगापास्कलच्या आसपासच असतो, जाळं सैल असो की घट्ट. गंमत म्हणजे पूर्ण क्युअर झालेल्या नमुन्याचा खोलीच्या तापमानाचा मॉड्युलस अर्धवट क्युअर झालेल्यापेक्षा कधीकधी किंचित कमीच भरतो, कारण जाळं वरच्या तापमानालाच गोठतं आणि आत थोडी जास्त मोकळी जागा अडकून राहते. टणकपणाच्या मापाने फार तर कच्चा माल पकडता येतो, तोही अगदीच कच्चा असेल तर. ५० अंशांचा टीजी आणि १२० अंशांचा टीजी यांतला फरक त्यातून दिसत नाही.

जेल झालं म्हणजे क्युअर झालं, हाही त्याचाच भाऊ. पॉल फ्लोरी आणि वॉल्टर स्टॉकमायर यांनी १९४० च्या दशकात मांडलेल्या गणितानुसार, दोन टोकांचं इपॉक्सी आणि चार सक्रिय हायड्रोजन असलेलं अमाईन (म्हणजे इथला हार्डनर) योग्य प्रमाणात घेतलं, तर सुमारे ५८ टक्के अभिक्रिया झाली की मिश्रण वाहणं थांबतं. म्हणजे काडी चिकटली, तार ओढली गेली नाही, त्या क्षणी चाळीसेक टक्के काम बाकी असतं. टीजीचा सगळ्यात मोठा चढ तर शेवटच्या १०-१५ टक्क्यांत मिळतो.

आधी ही एक चाचणी करा

यंत्रं नसली तरी चालेल, ओव्हन आणि तापमापक हवा. बिघडलेल्या बॅचमधून सारख्या मापाच्या दोन पट्ट्या कापा, साधारण ३ मिलिमीटर जाड, १० मिलिमीटर रुंद, १०० मिलिमीटर लांब. एक आहे तशी ठेवा. दुसरी पायऱ्यापायऱ्यांनी भाजा: ६० अंश सेल्सियसला दोन तास, ८० ला दोन तास, मग १२० ला दोन तास, आणि ओव्हनमध्येच थंड होऊ द्या. हार्डनरच्या माहितीपत्रकात वेगळं वेळापत्रक असेल तर तेच पाळा. आता दोन्ही पट्ट्या एका टोकाला चिमट्यात आडव्या धरा, मोकळ्या टोकाला एकसारखं छोटं वजन लटकवा आणि ओव्हनचं तापमान दर काही मिनिटांनी ५ अंशांनी वाढवत न्या. कोणती पट्टी कुठे मान टाकते ते लिहून ठेवा.

तापमान फार रेंगाळत वाढवू नका. कच्ची पट्टी चाचणीतच शिजत जाते, तिचा टीजी तापमानाच्या पुढेपुढे पळतो आणि ती चांगली असल्याचा भास होतो.

न भाजलेली पट्टी ५० ला वाकली आणि भाजलेली ११० ला, तर प्रमाण ठीक आहे, तापमान कमी पडलं. दोन्ही जवळपास सारख्याच तापमानाला वाकल्या तर भाजून काही उपयोग नाही. गाठी मारायला लागणारी जोडीची टोकंच शिल्लक नाहीत. प्रमाण चुकलं, काहीतरी मिसळलं गेलं, किंवा तो हार्डनरच त्या कामाचा नाही. डीएससी यंत्र (नमुना तापवताना त्यात शिरणारी-निघणारी उष्णता मोजणारं) हाताशी असेल तर हाच प्रश्न दोन फेऱ्यांत सुटतो. पहिल्या फेरीत उरलेल्या अभिक्रियेची उष्णता दिसते, दुसऱ्या फेरीत टीजी किती वर सरकला ते कळतं. पहिली फेरी संपल्यावर नमुना फेकून देणारे बरेच असतात. निदान दुसऱ्या फेरीतच होतं.

प्रमाण

इपॉक्सी आणि अमाईन ही जोडीची अभिक्रिया आहे. एका इपॉक्सी टोकाला अमाईनचा एक सक्रिय हायड्रोजन लागतो. म्हणून हार्डनर जास्त झाला तर क्युअर 'जास्त' होत नाही. इपॉक्सी टोकं संपतात, उरलेल्या अमाईनला पकडायला कोणी नसतं, गाठीच्या जागी साखळीला लोंबती टोकं राहतात. जाळं सैल होतं, टीजी उतरतो. हार्डनर कमी पडला तरी टीजी उतरतो, फक्त कारण उलटं. शिखर मधोमध असतं आणि दोन्हीकडे उतार असतो, हे एकदा डोक्यात बसलं की 'थोडा जास्तच टाक' हे वाक्य तोंडून निघत नाही.

हिशोब एकदा स्वतः करून पाहा. साध्या बिस्फेनॉल-ए इपॉक्सीचं समतुल्य वजन, म्हणजे एका सक्रिय टोकामागे येणारं वजन, १८८ धरू. ट्रायएथिलीनटेट्रामाईन या अमाईन हार्डनरचं रेणुभार १४६ आणि सक्रिय हायड्रोजन ६, म्हणजे समतुल्य वजन २४.४. २४.४ ला १८८ ने भागून १०० ने गुणलं की १०० ग्रॅम रेझिनला १३ ग्रॅम हार्डनर येतो. आता काटा १ ग्रॅमपर्यंतच दाखवतो असं समजा, म्हणजे अर्ध्या ग्रॅमची चूक दिसणारच नाही. १०० ग्रॅमच्या बॅचमध्ये ती हार्डनरच्या ४ टक्के झाली, चालून जाईल. २० ग्रॅमच्या बॅचमध्ये हार्डनर लागतो २.६ ग्रॅम, आणि तीच अर्ध्या ग्रॅमची चूक १९ टक्क्यांवर जाते. छोट्या बॅचेस बिघडतात आणि मोठ्या चांगल्या येतात, याचा उलगडा बहुतेक वेळा इथेच होतो. १०० मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या, किंवा छोटी बॅच करूच नका.

दुसरा नेहमीचा घोळ वजन आणि आकारमान यांचा. डब्यावर '२:१ आकारमानाने' लिहिलेलं असतं आणि माणूस काट्यावर १०० ला ५० घेतो. रेझिनची घनता १.१५ आणि हार्डनरची ०.९५ असेल तर खरं वजनाचं प्रमाण १०० ला सुमारे ४१ येतं. म्हणजे ५० घेतल्यावर हार्डनर २१ टक्के जास्त. असा भाग टणकही होतो, चमकतोही, आणि गरम हवेत मान टाकतो.

प्रमाण बरोबर असूनही भागात एका बाजूला मऊ पट्टे आले तर ढवळणं कमी पडलं. भांड्याच्या भिंतीला आणि तळाला चिकटलेलं रेझिन नीट मिसळलेलं नसतं, आणि भांडं खरवडून साच्यात ओतलं की तेच भागात उतरतं. मिश्रण दुसऱ्या स्वच्छ भांड्यात काढून पुन्हा ढवळा आणि पहिलं भांडं खरवडू नका.

तापमान कमी पडतं ते कसं

खोलीत २५ अंशांना क्युअर सुरू झालं की साखळ्या वाढतात, टीजी चढत जातो. तो २५ ओलांडून पुढे गेला की आतलं रेझिन स्वतःच काच बनतं, टोकं एकमेकांपर्यंत पोचू शकत नाहीत आणि अभिक्रिया जवळजवळ थिजते. सर्वसाधारणपणे टीजी क्युअरच्या तापमानापेक्षा २०-३० अंश वर जाऊन अडकतो. म्हणून खोलीत क्युअर केलेल्या भागाचा टीजी बहुतेक वेळा ४५ ते ५५ अंशांत सापडतो, रेझिन कितीही चांगलं असो. महिनाभर तसाच ठेवून फारसं काही पदरात पडत नाही. तोच भाग भाजला की गोठलेली टोकं पुन्हा हलू लागतात आणि उरलेल्या गाठी बसतात. हवामान गार असेल तर सगळंच खाली सरकतं. खोली १० अंशांच्या खाली असताना बरेच हार्डनर काम जवळपास सोडून देतात.

पोस्ट-क्युअर, म्हणजे हे नंतरचं भाजणं, एकदम वरच्या तापमानाला करू नका. भागाचा टीजी ५० असताना त्याला १२० अंशांत टाकलं तर तो शिजण्याआधी वाकेल. टप्प्याटप्प्याने चढवा, म्हणजे टीजी तापमानाच्या सोबत चढत जाईल. लांब, पातळ भाग साच्यातच किंवा आधार देऊनच भाजा.

जाड ओतकामात उलटं होतं. अभिक्रियेची उष्णता बाहेर पडत नाही, गाभा खूप तापतो आणि घट्ट क्युअर होतो, तर कातडी कमी तापमानाला अडकते. एकाच भागात दोन टीजी मिळतात, आणि आकुंचनाच्या ताणाने मध्ये चीर जाते ती वेगळीच. मंद हार्डनर वापरा, थर लहान ठेवा.

पातळ करणारी द्रव्यं

मिश्रण दाट आहे म्हणून ॲसिटोन टाकणं सोडून द्या. ते पूर्ण उडत नाही, जाळ्यात अडकून बसतं आणि टीजी खाली खेचतं. एकाच इपॉक्सी टोकाचं रिॲक्टिव्ह डायल्युएंट निदान जाळ्याला जोडलं तरी जातं, पण जिथे जोडलं जातं तिथे साखळी संपते. ५-१० टक्क्यांनीही फरक जाणवतो. शिवाय त्याचं समतुल्य वजन वेगळं असतं, त्यामुळे हार्डनरचं प्रमाण नव्याने काढावं लागतं, आणि हे काढायचं असतं हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. सोपा मार्ग म्हणजे रेझिन ४०-५० अंशांपर्यंत गरम करा. ते आपोआप पातळ होतं, फक्त मिसळल्यानंतर वापरायला वेळ कमी उरतो.

घनतेचा आकडा हवा असेल तर

डीएमए यंत्र (तापमान वाढवत मॉड्युलस मोजणारं) असेल तर टीजीच्या ४०-५० अंश वर, जिथे मॉड्युलसची रेषा सपाट होते, तिथला आकडा वाचा. रबराच्या लवचिकतेच्या सिद्धांतानुसार दोन गाठींमधलं रेणुभार म्हणजे घनता, वायू स्थिरांक आणि केल्व्हिनमधलं तापमान यांच्या गुणाकाराची तिप्पट भागिले तो मॉड्युलस. १८० अंश सेल्सियसला ३० मेगापास्कल आले आणि घनता दर घनमीटरला ११५० किलो असेल तर उत्तर सुमारे ४३३ येतं. दुसऱ्या नमुन्याला त्याच तापमानाला १५ मेगापास्कल आले तर ८६६, म्हणजे क्रॉसलिंक घनता निम्मी. खोलीच्या तापमानाला हे दोन्ही नमुने ३ गिगापास्कलच दाखवतील. एक सावधगिरी बाळगा: हा सिद्धांत मुळात सैल जाळ्यांसाठी आहे, घट्ट इपॉक्सीत त्याचा आकडा बॅच-बॅचची तुलना करायला वापरा, रेणूचं खरं माप म्हणून नाही.

यंत्र नसेल तर द्रावक कामी येतो. एक-दोन ग्रॅमचा पातळ तुकडा वजन करून झाकणाच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये एक दिवस ठेवा, पुसून लगेच वजन करा, मग मोकळ्या हवेत वाळवून वजन स्थिर झाल्यावर पुन्हा. पहिल्या फरकातून फुगणं कळतं, म्हणजे जाळं किती सैल आहे ते. मूळ वजनापेक्षा शेवटी जे कमी भरलं ते जाळ्याला न जोडलेलं द्रव्य. चांगल्या बॅचचा तुकडा शेजारच्या बाटलीत असल्याशिवाय या आकड्यांना अर्थ नाही. ॲसिटोन भिनलेला तुकडा गरम ओव्हनमध्ये टाकू नका आणि आसपास ज्योत नको.

तडकत असेल तर

घट्ट जाळ्यात गाठींमधला तुकडा इतका आखूड असतो, की चिरेच्या टोकाशी पदार्थाला सरकायला, ऊर्जा खायला वावच मिळत नाही. सहसा इथे लवचिक हार्डनर सुचवला जातो. तो चालतो, पण किंमत मोजावी लागते. २३० रेणुभाराचं पॉलिइथर अमाईन वापरलं तर साध्या इपॉक्सीचा टीजी नव्वदीच्या आसपास मिळतो, त्याच कुळातलं ४०० चं घेतलं की तो पन्नाशीकडे येतो. भाग खोलीतच राहणार असेल तर हा सौदा उत्तम. इंजिनाजवळ जाणार असेल तर पुन्हा पहिल्या तक्रारीपाशी.

टीजी न गमावता चिवटपणा हवा असेल तर रबराचे सूक्ष्म कण किंवा कोअर-शेल कण (मऊ गाभा, टणक कवच) मिसळलेलं रेझिन घ्या. कण वेगळे राहतात, जाळ्यात विरघळत नाहीत, म्हणून टीजी फारसा पडत नाही. पण हे कण एकटे काम करत नाहीत. ते आजूबाजूच्या रेझिनला थोडं सरकायला लावतात, आणि जाळं फारच घट्ट असेल तर सरकायला काहीच नसतं. म्हणून उच्च तापमानाच्या, अनेक टोकांच्या इपॉक्सीत रबर ओतूनही फरक कमी पडतो. माझ्या मते आधी जाळं एक पायरी सैल करावं, मग कण घालावेत. या क्रमाने कमी कणांत काम भागतं.

भाजल्यानंतर थंड होताना चीर येत असेल, विशेषतः आत धातूचा तुकडा असेल, तर दोष चिवटपणाचा नसून ताणाचा असू शकतो. काच अवस्थेतलं इपॉक्सी पोलादाच्या चार-पाच पट आकुंचन पावतं, आणि टीजी जितका वर तितक्या वरून हा ताण साठायला लागतो. ओव्हन बंद करून दार न उघडता थंड होऊ द्या. कोपरे गोल करा.

पॉलिएस्टरला हे नियम तसेच लावू नका

असंतृप्त पॉलिएस्टर आणि व्हिनाइल एस्टरमध्ये पेरॉक्साइड हा जोडीदार नाही, अभिक्रिया पेटवणारा आहे. सर्वसाधारण १ ते २ टक्के लागतो. तो वाढवला की गाठी वाढत नाहीत, उष्णता वाढते आणि साखळ्या आखूड होतात. गाठी स्टायरीन आणि साखळीतले दुहेरी बंध यांच्यापासून येतात, म्हणून पातळ थरातून स्टायरीन उडून गेलं तर क्युअर कच्चंच राहतं. पृष्ठभाग चिकट आणि आतून टणक असेल तर ते हवेतल्या ऑक्सिजनचं काम. मेण असलेलं रेझिन घ्या किंवा वर फिल्म लावा. कोबाल्ट (अभिक्रियेचा वेग वाढवणारं द्रव्य) आणि पेरॉक्साइड थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, स्फोट होऊ शकतो. एक आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग दुसरं.

इपॉक्सीवरचा तेलकट चिकटपणा वेगळा. अमाईनने हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड घेतल्याने तो येतो, कोमट पाण्याने आणि स्क्रबरने निघतो. तो निघाल्यावर खालचा भाग टणक असेल तर जाळ्याला दोष देऊ नका.

पहिली दोन वर्षं ठीक, मग मऊ

असा भाग आला तर जाळं नंतर सुटलं असं लगेच धरू नका. इपॉक्सी पाणी शोषतं, आणि दर १ टक्का पाण्यामागे टीजी साधारण १० ते २० अंशांनी खाली येतो. भागातून पट्टी कापा, वजन करा, ६० अंशांना वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि ओव्हनमधली वाकण्याची चाचणी पुन्हा करा. टीजी परत आला तर जाळं जागेवर आहे, पृष्ठभागावर ओलावा अडवणारा लेप द्या. परत आला नाही तर त्या बॅचची प्रमाणाची नोंद काढा. अमाईन जास्त झालेलं रेझिन पाणीही जास्त पितं, आणि अशा भागाला लेप दिला तरी तो पुढच्या दमट हंगामात पुन्हा तक्रार घेऊन येतो.